पेवातील क्षेपणास्त्र

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घराच्या अंगणात पूर्वी एक पेव होते. माझ्या जन्माआधीच ते बुजविले गेले, त्यामुळे मी ते पाहिलेले नाही. पण आजीच्या तोंडून त्याचे वर्णन इतक्या वेळा ऐकले आहे की, ते पाहिल्यासारखेच वाटते. तोंड अरुंद, पोट मोठे, आतून कडबा लावलेला, आणि आत ज्वारी. पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे. आतली हवा कोंदलेली, विषारी. आधी कंदील सोडून पाहावयाचे. तो विझला तर माणूस उतरवावयाचा नाही, असा दंडकच होता.

हे सांगावयाचे कारण असे की, वृत्तपत्रांत ‘सायलो’ हा शब्द वाचला आणि शब्दकोश उघडून पाहिला, तेव्हा त्याचा मूळ अर्थ ‘धान्य साठविण्याचा जमिनीतील खड्डा’ असा निघाला. इंग्रजीत तो स्पॅनिशमधून आला आणि त्याचे मूळ पार ग्रीक भाषेपर्यंत जाते. म्हणजे सायलो हे आपले पेवच! फरक इतकाच की, या पेवात ज्वारी नसून अण्वस्त्र असते. या नव्या पेवाची थोडी माहिती प्रस्तुत लेखात देण्याचा विचार आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी. विज्ञान शाखेच्या मित्रांनी काही उणे आढळल्यास सांभाळून घ्यावे.

क्षेपणास्त्र जमिनीखाली का ठेवावे लागले? अमेरिकेची पहिली आंतरखंडीय क्षेपणास्त्रे ‘अ‍ॅटलास’ जातीची होती व सुरुवातीला ती जमिनीवरच ठेवीत. शत्रूच्या एका बॉम्बने ती जागीच नष्ट झाली असती. शिवाय त्यांत अतिशीत द्रवरूप प्राणवायू लागे. तो आधीपासून भरून ठेवता येत नसे. हुकूम आल्यावर भरावयाचा, मग उडवावयाचे. पुढे ती विहिरीसारख्या खड्ड्यांत ठेवू लागले, पण उडविण्यासाठी त्यांना लिफ्टने वर आणावेच लागे.

ही अडचण १९६३ साली सेवेत आलेल्या ‘टायटन २’ ने दूर केली. याचे इंधन वर्षानुवर्षे टाकीत भरलेले राहू शके आणि ते खड्ड्याच्या आतूनच उडे. खड्डा सुमारे १४६ फूट खोल आणि ५५ फूट रुंद. त्यात १०३ फूट उंचीचे क्षेपणास्त्र. ज्वाळा बाहेर काढण्यासाठी तळाला वळण देऊन दोन्ही बाजूंनी वरपर्यंत धुरांडी नेलेली. तोंडावर पोलाद व काँक्रीटचे ७४० टन वजनाचे झाकण. शेजारी जमिनीखालीच तीन मजली नियंत्रण कक्ष, तोही आठ प्रचंड स्प्रिंगांवर टांगलेला. वर अणुबॉम्ब पडला तरी आतल्या माणसांना धक्का सोसवावा म्हणून. तेथे चार जणांची तुकडी चोवीस तास पहारा देई. दोन किल्ल्या दोघांनी एकाच वेळी फिरवावयाच्या, आणि त्यांची भोके इतकी दूर की एकट्या माणसाला ते जमूच नये. किल्ल्या फिरल्यापासून ५८ सेकंदांत क्षेपणास्त्र बाहेर! अ‍ॅरिझोना, कॅन्सस आणि आर्कान्सा या तीन राज्यांत प्रत्येकी १८, अशी एकूण ५४ पेवे होती.

या रचनेत शत्रूचा किती बारकाईने विचार केला आहे, हे पाहून मन थक्क होते. परंतु शत्रू कधी आलाच नाही. जे घडले ते निराळेच.

आर्कान्सा राज्यात डमॅस्कस नावाचे एक लहान गाव आहे (सीरियातील प्रसिद्ध शहर ते हे नव्हे). भोवती गायरान व शेते. १८ सप्टेंबर १९८० रोजी संध्याकाळी तेथील पेवात दोन कामगार सैनिक टाकीतील दाब वाढविण्यासाठी उतरले. एक एकवीस वर्षांचा, दुसरा एकोणीस वर्षांचा, म्हणजे माझ्याच वयाचा. नियमाने जो पाना वापरावयाचा तो बरोबर नव्हता, म्हणून दुसऱ्याच पान्यावर काम चालविले. त्याचा जड सॉकेट, सुमारे चार किलोचा, निसटला. फलाट आणि क्षेपणास्त्र यांच्यामधील फटीतून तो सत्तर-ऐंशी फूट खाली गेला, आपटून उसळला आणि त्याने इंधनाच्या टाकीला भोक पाडले.

येथे थोडे थांबून यंत्राचा विचार केला पाहिजे. टायटनच्या टाक्यांचा पत्रा वजन कमी राखण्यासाठी अगदी पातळ ठेवलेला होता. आतल्या दाबाचा त्याला आधार असे. खालच्या टप्प्यात इंधनाची टाकी खाली आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइडची वर. हे दोन द्रव एकमेकांना नुसते भेटले तरी पेट घेतात, काडी लावावी लागत नाही. खालची टाकी रिकामी होऊ लागली, म्हणजे वरचा सगळा भार त्या पोकळ पत्र्यावर आला. तो कोसळला की दोन्ही द्रवांची गाठ पडणार, आणि शेंड्यावर नऊ मेगाटनांचे अण्वस्त्र! हिरोशिमावरील बॉम्बच्या सुमारे सहाशे पट.

तुकडी बाहेर पडली. रात्रभर वरिष्ठांची चर्चा चालली. पहाटेच्या सुमारास दोघांना संरक्षक पोशाख घालून आत पाठविले. हवेतील वाफेचे मोजमाप भयंकर निघाले. आमच्या आजीचा कंदील येथेच विझला असता. तरीही आतील पंखा सुरू करण्याचा हुकूम आला. एक बावीस वर्षांचा तरुण तो सुरू करून परतला, आणि थोड्याच वेळात, १९ तारखेच्या पहाटे तीनच्या सुमारास स्फोट झाला. ७४० टनांचे झाकण उडाले. अण्वस्त्र बाहेर फेकले जाऊन फाटकाजवळ पडले. सुदैवाने ते फुटले नाही. एकवीसजण जखमी झाले. पंखा सुरू करणारा तो तरुण इस्पितळात वारला.

माझे आजोबा विहिरी खोदीत. त्यांना हा प्रसंग सांगितला तेव्हा त्यांनी मेगाटन वगैरे काही विचारले नाही. “हत्यार दोरीनं बांधलं नव्हतं व्हय रं?” एवढेच म्हणाले. खाली माणूस असताना वरच्याने हातातली वस्तू बांधल्याशिवाय काम करावयाचे नाही, हा विहिरीवरचा नियम. अभियंत्यांनी आठ स्प्रिंगांचा विचार केला, पण हातातून निसटणाऱ्या पान्याचा मात्र केला नाही, याचे मला राहून राहून नवल वाटते.

डमॅस्कसचा अपघात पहिला नव्हता. त्याच राज्यात सर्सी गावाजवळ ९ ऑगस्ट १९६५ रोजी अशाच पेवात दुरुस्तीचे काम चालू असताना आग लागली आणि ५३ मजूर मृत्युमुखी पडले. आत असलेल्यांपैकी दोघेच वाचले. अण्वस्त्र कामापूर्वी काढून ठेवलेले होते. ते बाहेर काढण्याची दक्षता घेतली गेली. माणसांना बाहेर पडण्याची वाट मात्र अरुंदच राहिली. या ५३ जणांबद्दल फारच थोडे लिहिले गेले आहे, ही गोष्ट मला खटकते.

सोव्हिएत रशियाने पुढे निराळी युक्ती काढली. वायूच्या दाबाने क्षेपणास्त्र आधी खड्ड्याबाहेर फेकावयाचे आणि मग हवेत पेटवावयाचे, म्हणजे खड्डा जळत नाही. अमेरिकेने घन इंधनाच्या ‘मिनिटमन’चा मार्ग धरला, त्यातील सुमारे ४०० आजही माँटाना, नॉर्थ डकोटा व वायोमिंगच्या परिसरात जमिनीखाली उभी आहेत. चीनच्या गान्सू व शिंजियांग प्रांतांत नव्या पेवांची रांगच खोदली जात असल्याचे २०२१ साली उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसले. आपल्या ‘अग्नी’ क्षेपणास्त्रांचा भर मात्र खड्ड्यांवर नसून रस्ता व रेल्वे यांवरून हलविता येणाऱ्या वाहनांवर आहे.

टायटनची पेवे १९८७ पर्यंत बंद झाली. डमॅस्कसचे बुजविण्यात आले. अ‍ॅरिझोनातील एक मात्र संग्रहालय म्हणून राखले आहे. त्याचे झाकण अर्धवट उघडे ठेवून कायमचे अडकवून टाकले आहे. पेव आता वापरात नाही, हे रशियाच्या उपग्रहांना वरून दिसावे म्हणून.