रुग्णाची अमानत आणि हातातील मोबाइल

९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात अर्भकांच्या अतिदक्षता कक्षास आग लागली. कक्षात १७ बाळे होती. ७ वाचविता आली, १० दगावली. त्या दिवसांत साऱ्या राज्याचे लक्ष आपल्या जिल्ह्याकडे लागले होते. अशा प्रसंगी रुग्णालयात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या हाती मोबाइल असतो आणि जगाला पाहावेसे वाटेल असे काहीतरी त्याच्या डोळ्यांसमोर असते. ते दाखवावे की नाही, आणि दाखवायचे तर कोणाला, हा प्रश्न केवळ नोकरीच्या नियमांचा नाही. तो अमानतीचा आहे.

अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत एक हदीस आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणुकीनुसार, एखादा माणूस काही सांगतो आणि सांगून झाल्यावर इकडेतिकडे पाहतो, तेव्हा ती गोष्ट ऐकणाऱ्याजवळ अमानत ठरते. 'कोणाला सांगू नका' असे तोंडाने बजावण्याची गरजच नाही. त्याची नजर पुरेशी आहे. रुग्णाला तर कित्येकदा इकडेतिकडे पाहण्याचेही भान नसते. मय्यतीला गुस्ल देणाऱ्याने जे पाहिले ते झाकून ठेवावे आणि त्याबद्दल अल्लाहकडून मोठ्या क्षमेची आशा बाळगावी, ही शिकवण आपल्या गावोगावच्या गुस्ल देणाऱ्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. मृत देहाविषयी एवढी जपणूक असेल, तर उद्या बरे होऊन याच बाजारातून चालणाऱ्या माणसाविषयी किती असावी?

फिक्हचा एक नियम येथे उपयोगी पडतो. गरजेमुळे जे मोकळे होते, ते गरजेपुरतेच मोकळे होते. डॉक्टरने परक्या व्यक्तीचा देह पाहणे जायज ठरते ते उपचारापुरते. जखम हाताला असेल तर हातापुरते. हाच नियम छायाचित्राला लावून पाहावा. साकोलीच्या डॉक्टरने नागपूरच्या तज्ज्ञाचे मत घेण्यासाठी एक्स-रे पाठविला, तर ती गरज आहे. तोच एक्स-रे नावासह जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात गेला की गरज संपली आणि अमानतीला तडा गेला. वाईट हेतू नव्हता, हे उत्तर येथे पुरत नाही.

आपल्या भागात सिकलसेल आहे, क्षयरोग आहे. तपासणीची यादी भरताना आशाताई किंवा परिचारिका कामाच्या सोयीसाठी तिचा फोटो गटात टाकतात. त्या यादीत एखाद्या मुलीचे नाव असते. यादी गटातून गटात फिरते आणि पुढे कधीतरी ठरत आलेले लग्न मोडते. कोणी कारण सांगत नाही. क्षयरोगाची नोंद शासनाला कळविणे बंधनकारकच आहे आणि त्यात खियानत नाही. पण शासनाला कळविणे वेगळे आणि गावाला कळविणे वेगळे. ज्या गटात एकजणही कामापुरता संबंधित नाही, त्या गटात नाव जाऊ नये.

प्रसूती कक्षातील रील्स, शस्त्रक्रियागृहातील नाच यांविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. त्या रुग्णाच्या जागी आपली आई आहे, अशी कल्पना केली की पुरे.

देशाचा नियमही फारसा निराळा नाही. २००२ पासून लागू असलेल्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार, रुग्णाची ओळख पटेल अशा रीतीने त्याचे छायाचित्र वा माहिती परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम काढले आणि त्यांत समाजमाध्यमांविषयी स्वतंत्र मार्गदर्शन दिले. त्याच महिन्यात त्या विनियमांना स्थगिती मिळाली. स्थगिती विनियमांना मिळाली, अमानतीला नव्हे. परवानगीबद्दलही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वेदनेने व्याकूळ झालेला, कागदावर काय लिहिले आहे हे न वाचता अंगठा उठविणारा माणूस खरोखर राजी असतो का, हे विचारण्याची जबाबदारी अंगठा घेणाऱ्यावर आहे.

आता अवघड प्रश्न. दोष झाकणे ही नेकी असेल, तर रुग्णालयाची हयगयही झाकावी काय? मुळीच नाही. व्यक्तीचा दोष झाकणे आणि ज्यातून लोकांचे जीव जातील असा कारभाराचा दोष झाकणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. सूरह निसाच्या १४८ व्या आयतीत वाईट गोष्टीचा जाहीर उच्चार अल्लाहला अप्रिय असल्याचे सांगताना ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याला वेगळे काढले आहे. इमाम नववी यांनी गीबतीला अपवाद म्हणून जी कारणे नोंदविली, त्यांत दाद मागणे आणि लोकांना धोक्यापासून सावध करणे ही दोन्ही आहेत. म्हणून परिचारिकेला वायर उघडी दिसली तर तिने गप्प बसणे हा सब्र नव्हे. आधी वरिष्ठांना लेखी कळवावे, त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी. दाद मिळाली नाही तर त्याहून वरच्या अधिकाऱ्याकडे जावे, आणि तेथेही दारे बंद असतील तर वृत्तपत्राकडेही जाता येते. मात्र सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीने घालून दिलेली पडताळणी आधी स्वतःच्या माहितीची करावी. ऐकीव गोष्ट पाहिलेली म्हणून लिहू नये. आणि त्या उघड्या वायरचे छायाचित्र काढताना मागच्या खाटेवरील बाळंतिणीचा चेहरा त्यात येत नाही ना, हे पाहून घ्यावे.