गावाने अहवाल कसा वाचावा ?
(इयत्ता सातवी : परिसर अभ्यास व गणित यांचा संयुक्त पाठ)

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट लागते. तेथील मुलास गोड्या पाण्याचे मोल शिकवावे लागत नाही. परंतु तेच पाणी अहवालात ‘दशलक्ष घनमीटर’ होऊन आले, म्हणजे शिकलेला पालकही गोंधळतो. हा गोंधळ दूर करणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू होय.

शिक्षकांसाठी माहिती : मोठे वीजकेंद्र, खाण किंवा धरण उभारण्यापूर्वी त्याचे पाणी, हवा, जमीन व लोकजीवन यांवर होणारे परिणाम तपासावे लागतात. यास पर्यावरणीय आघात मूल्यांकन म्हणतात. केंद्र शासनाच्या 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेत यासाठी जनसुनावणीची तरतूद आहे. काही प्रकल्पांस तीतून सूट असते. सुनावणीची सूचना निदान 30 दिवस आधी द्यावी लागते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही असावा लागतो, व कागदपत्रे जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद इत्यादी ठिकाणी पाहावयास ठेवली जातात. सुनावणीअंती इतिवृत्त लोकांच्या भाषेत समजावून वाचले जाते. अंतिम निर्णय तेथे होत नाही; तथापि जे म्हणणे नोंदले गेले, तेच पुढे विचारात येते. म्हणून न समजलेला आकडा हा न विचारलेला प्रश्न ठरतो.

पाठाची मांडणी : अमरावतीजवळील नांदगाव पेठ येथे 1350 मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. त्यासाठी ऊर्ध्व वर्धा धरणातून वर्षास 87.6 दशलक्ष घनमीटर पाणी देण्याचे ठरले, तेव्हा 2010 च्या सुमारास सिंचनाच्या पाण्यावरून मोठा वाद झाला. शिक्षकाने हा आकडा फळ्यावर लिहून मुलांकडून पुढील उदाहरण सोडवून घ्यावे.

87.6 दशलक्ष म्हणजे 8 कोटी 76 लक्ष घनमीटर. यास 365 ने भागिले असता रोजचे 2 लक्ष 40 हजार घनमीटर येतात. एक घनमीटर म्हणजे 1000 लिटर. म्हणून रोजचे पाणी 24 कोटी लिटर. ग्रामीण नळयोजनेचे प्रमाण माणशी 55 लिटर धरल्यास हे पाणी सुमारे 43 लक्ष माणसांस पुरेल. 2011 च्या जनगणनेत अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून सुमारे 47 लक्ष होती. आता आकडा मुलांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो.

येथे एक दक्षता घ्यावी. उत्तर मोठे आले म्हणून प्रकल्प वाईट, असा निष्कर्ष काढू नये. वीजही लोकांसच लागते, आणि शेतीस पिण्याहून कितीतरी अधिक पाणी लागते. शिक्षकाने बाजू घेऊ नये. प्रश्न विचारावयास शिकवावे. पाणी कोठून येणार ? अवर्षणाच्या वर्षी प्रथम कोणाचे कमी होणार ? राख कोठे साठविणार ? कोणाची जमीन जाणार व कोणास काम मिळणार ?

स्वाध्याय : (1) पारस येथील औष्णिक वीजकेंद्रास रोज लागणाऱ्या कोळशाविषयी तीन प्रश्न तयार करा. (2) वर्गात जनसुनावणीचा प्रवेश करा. एकाने अध्यक्ष व्हावे, एकाने प्रकल्पाची बाजू मांडावी, इतरांनी ग्रामस्थ म्हणून प्रश्न विचारावेत, आणि दोघांनी इतिवृत्त लिहावे. (3) ते इतिवृत्त मोठ्याने वाचा. ज्याचे म्हणणे त्यात आले नसेल, त्याने हात वर करावा व ते लिहवून घेतल्यावाचून खाली बसू नये.