नागिणीनंतरची आग आणि गॅबापेन्टिनची मात्रा

नागिणीचे फोड वाळल्यानंतरही त्या जागी महिनोन्महिने होणारी आग, मधुमेहामुळे तळपायांना येणाऱ्या मुंग्या आणि अपस्माराचे, म्हणजे फिट येण्याचे, काही प्रकार यांवर गॅबापेन्टिन हे औषध दिले जाते. वेदना मोजणारी रक्ततपासणी नसल्यामुळे त्याची मात्रा एकदम ठरत नाही. साधारणतः ३०० मिलिग्रॅमपासून आरंभ करून, आराम किती पडतो आणि गुंगी किती येते हे पाहत डॉक्टर ती वाढवत नेतात. औषधाचा अंमल पाच ते सात तासांत निम्म्यावर येत असल्याने दिवसाची मात्रा बहुधा तीन वेळांत विभागली जाते. शिवाय आतड्यांची शोषणक्षमता मर्यादित असल्यामुळे दिवसाला ९०० मिलिग्रॅम घेतल्यास सुमारे ६० टक्के औषध अंगी लागते, तर २४०० घेतल्यास जेमतेम ३४ टक्के. म्हणून गोळ्या दुप्पट केल्याने गुण दुप्पट येत नाही.

मात्रेचा खरा निर्णय मूत्रपिंडांवर अवलंबून असतो, कारण यकृतात या औषधाचे विघटन होत नाही आणि ते जसेच्या तसे लघवीवाटे बाहेर पडते. जत तालुक्यातील प्रस्तुत लेखकाच्या ७२ वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या आत्यांना नागिणीनंतर रोज ९०० मिलिग्रॅम सुरू झाले, तेव्हा रक्तातील क्रिएटिनिन १.३ होते आणि अहवालातील तो आकडा किंचितच वाढलेला दिसत होता. परंतु क्रिएटिनिन हे स्नायूंतून तयार होणारे टाकाऊ द्रव्य असल्याने कृश वृद्धांमध्ये ते मुळातच कमी असते. वय, वजन आणि स्त्री असणे हिशेबात धरले असता मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला सुमारे २८ मिलिलिटर, म्हणजे ६० या अपेक्षित पातळीच्या निम्म्याहूनही कमी निघाली. अशा रुग्णाला दिवसाकाठी २०० ते ७०० मिलिग्रॅमच पुरते. झोक जाऊन त्या पडल्या, तेव्हा कुटुंबाने तो अशक्तपणाच समजला. मात्रा उतरवल्यावर मात्र चाल सुधारली.

जतचा रुग्ण कधी मिरजेला, कधी सांगलीला, तर कधी विजयपूरला जातो आणि प्रत्येक ठिकाणचा कागद निराळा असतो. त्यामुळे एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी, किंवा प्रीगाबॅलिन हे त्याचेच भावंड सोबतीला, पोटात जाण्याचा धोका इथे विशेष आहे. झोपेची गोळी, ट्रॅमाडॉलसारखे वेदनाशामक किंवा दारू यांच्या जोडीने श्वास मंदावू शकतो, आणि याबाबत अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१९ मध्ये स्वतंत्र इशारा दिला आहे. औषध एकाएकी बंद केल्यास फिट येण्याची शक्यता असते, म्हणून ते किमान आठवडाभर टप्प्याटप्प्याने उतरवावे लागते, आणि तेही डॉक्टरांच्याच सल्ल्याने.

वाचकांनी घरातील वृद्धांना या औषधासाठी नेताना अलीकडचा क्रिएटिनिनचा अहवाल, ताजे वजन आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत, आणि मूत्रपिंडांच्या क्षमतेनुसार मात्रा ठरवली आहे काय, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे.