भक्षकपेशी

काटा रुतलेली जागा सुजते, कधी तेथे पू धरतो. या पुवात मुख्यतः जंतूंशी झुंजताना मेलेल्या पांढऱ्या पेशी असतात. एकोणिसाव्या शतकातील अनेक वैद्यांना मात्र त्यांचाच संशय येई. जंतू पोटात घेऊन त्या रोग शरीरभर पसरवतात, असे ते मानीत. १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे इल्या मेचनिकॉव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचे काटे खुपसले. सकाळी पाहतात तो फिरत्या पेशींनी काट्यांना गराडा घातलेला! पण गराडा म्हणजे बचाव नव्हे. तो पुरावा डॅफ्निया या पाण्यातील चिमुकल्या जीवाने दिला. त्याच्या शरीरात शिरलेले बुरशीचे सुईसारखे बीजाणू पेशींनी गिळून पचवले, तर तो जगे. बीजाणू वरचढ ठरले, तर मरे.