प्लास्टिक शीटचे साचेकाम : सुतार व टिनकाम करणाऱ्यांसाठी

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. प्लास्टिकशी आमचा संबंध पॅकिंगच्या पिशवीपुरताच. तरी या वेळी प्लास्टिकवर लिहावे लागते, कारण अर्धापुरात आमच्या दुकानामागे सुतारकाम करणारे एक भाई गेल्या हंगामात एका कामात चांगलेच अडकले. इंजिनिअरिंगची काही मुले त्यांच्याकडे आली. त्यांना स्पर्धेच्या रोबोसाठी बॅटरी व सर्किट झाकणारी चार कव्हरे हवी होती. भाईंनी तिथल्या तिथे दर सांगून टाकला. चार नग हाती लागेपर्यंत अकरा शीट वाया गेल्या. मजुरी राहिलीच, पदरचे पैसे गेले.

ही स्पर्धा म्हणजे पोरखेळ नव्हे. आशिया-पॅसिफिक देशांच्या प्रसारण संघटनेची 'रोबोकॉन' २००२ साली टोकियोत सुरू झाली. २००८ आणि २०१४ साली ती आपल्या पुण्यात भरली होती. २००८ चा विषय तर दहीहंडीच्या 'गोविंदा'वर बेतलेला होता. अशा स्पर्धांत रोबोच्या वजनाला मर्यादा असते. पत्र्याचे कव्हर जड होते, लाकडाचे टक्कर झाली की फुटते. म्हणून मुले प्लास्टिक मागतात. आणि चार नगांसाठी कोणी लाखोंचा इंजेक्शन साचा करत नाही. तिथे आपल्या कारागिराला जागा आहे.

या कामाला व्हॅक्यूम फॉर्मिंग म्हणतात. नाव नवे वाटले तरी माल आपल्या घरात आहे. फ्रीजच्या आतले पांढरे अस्तर, मिठाईच्या डब्यातला खाचांचा ट्रे, मिरची-टोमॅटोची रोपे येतात तो प्रो-ट्रे, हे सगळे शीट तापवून ओढलेले असते. टोपीवाल्याचे कालबूत ज्यांनी पाहिले त्यांना निम्मे काम समजले. चौकटीत आवळलेली शीट तापवायची, ती मऊ होऊन मध्ये झोल आला की साच्यावर दाबायची आणि खालून हवा ओढून घ्यायची. वरची हवाच शीटला साच्यावर चिकटवते.

हवेचे वजन हलके समजू नये. दर चौरस सेंटिमीटरला ते सुमारे १ किलो असते. २० बाय २० सेंटिमीटरच्या शीटचे ४०० चौरस सेंटिमीटर होतात, म्हणजे पूर्ण हवा ओढली तर ४०० किलोचा दाब. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर याच्या पाचवा हिस्सा, साधारण ८० किलो देतो. सोप्या गोल आकाराला तो चालतो, बारीक कोपरे मात्र उठत नाहीत. भंगारातल्या फ्रीजचा कॉम्प्रेसर जास्त ओढतो, पण हळू; त्याला रिकामी टाकी जोडून आधी तिच्यातली हवा काढून ठेवावी लागते. टाकी जाड हवी, पातळ डबा आत पिचकतो.

आता भाईंचे कुठे चुकले ते पाहू. त्यांनी साच्याच्या बाजू गुण्यात, अगदी उभ्या केल्या. सुताराचा हातच तसा बसलेला! प्लास्टिक थंड होताना आकसते आणि उभ्या साच्याला जखडून बसते. बाजूंना ३ ते ५ अंशांचा उतार हवा. हवा जाण्याची छिद्रे त्यांनी वरच्या सपाट भागात पाडली, पण हवा कोंडते ती खालच्या कोपऱ्यांत. तिथे १ मिलिमीटरच्या आतली छिद्रे हवीत, मागून रुंद केलेली.

दुसरी चूक मालाची. मुलांनी पॉलिकार्बोनेट आणून दिले होते. टक्करीला त्याच्याइतके चांगले नाही, पण ते हवेतला ओलावा धरते. आधी १२० अंशांच्या आसपास काही तास वाळवले नाही तर तापवताना आत वाफेचे बुडबुडे येतात. भाईंच्या निम्म्या शीट यातच गेल्या. शिकणाऱ्याने हाय-इम्पॅक्ट पॉलिस्टायरिन म्हणजे एचआयपीएस घ्यावे. ते १५० ते १७० अंशांत मऊ होते आणि सहसा वाळवावे लागत नाही. बोर्ड रंगवणाऱ्यांकडचा पीव्हीसीचा तुकडा स्वस्त मिळतो म्हणून भट्टीत घालू नये. तो जास्त तापला की आम्लाचा विषारी वायू सोडतो, फुप्फुस आणि भट्टी दोन्ही खातो.

तिसरी गोष्ट आम्हाला कापडवाला म्हणून लगेच कळली. कापडाला झोल देता येतो, शीटला नाही. चौकटीत आहे तेवढ्यातच भागवायचे. १५ बाय १५ चा, १० सेंटिमीटर उंच साचा धरा. वरचा भाग २२५, चार बाजू ६००, भोवतीची पट्टी १७५, एकूण १००० चौरस सेंटिमीटर. झाकायला शीट ४०० ची. म्हणजे २ मिलिमीटरची शीट सरासरी ०.८ वर येते, कोपऱ्यांत त्याहूनही खाली. मुलांनी '२ मिलिमीटर' सांगितले ते शीटचे की तयार नगाचे, हे भाईंनी विचारलेच नाही. कोपरे हाताने दाबले तरी चिरत होते. उंची कमी करावी, कोपरे गोल ठेवावेत, नाहीतर शीट जाड घ्यावी. उंच कोपऱ्यांजवळ चुण्या पडत असतील तर चौकट व साचा यांत अंतर कमी करावे.

दराबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. साच्याची मजुरी वेगळी लावा आणि ती आगाऊ घ्या, कारण एक नग घेतला काय, चाळीस घेतले काय, साच्याची मेहनत तेवढीच. नगाच्या दरात बिघडणाऱ्या शीट धरा. नवख्या हाताने चाराला चार तरी जास्त धराव्यात. पहिला नग एचआयपीएसचा नमुना म्हणून द्या, मुलांनी तो रोबोवर बसवून पाहिल्यावरच पुढची शीट कापा. नांदेडला विष्णुपुरीचे इंजिनिअरिंग कॉलेज १९८१ पासून आहे, लातूरलाही कॉलेजे आहेत. असे गिऱ्हाईक दरवर्षी नवे येते, पण स्पर्धेच्या तोंडावर, घाईत येते. घाईच्या कामाचा दर आपण शिलाईला वेगळा घेतोच.

भाईंनी तोच साचा रंधून बाजूंना उतार दिला आहे. परवा आमच्यासमोर पाच शीट ओढल्या. एकीला चुणी पडली, चार साच्यावरून हाताने सुटून आल्या.