लांडगा आणि मेंढपाळ : परिसर अभ्यासाचा एक पाठ

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट प्राथमिक शाळेतील बहुतेक मुलांस पाठ असते. खोटे बोलू नये हे तात्पर्य सांगून शिक्षक ती संपवितात, व ते योग्यच आहे. परंतु बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या वर्गात असेही मूल बसलेले असते की, ज्याच्या घरच्या कळपातील कोकरू लांडग्याने खरोखरच नेलेले असते. लांडगा राखावा की मारावा, हा त्याच्या घरी प्रत्यक्ष पोटाचा प्रश्न असतो. म्हणून या विषयाचा पाठ देताना शिक्षकाने केवळ प्राण्याचे वर्णन करून थांबू नये. मेंढपाळाची हानी आणि लांडग्याचे जीवित या दोहोंचा न्यायाने विचार कसा करावा, हे शिकविणे हाच या पाठाचा हेतू असावा.

प्राण्याची ओळख. लांडगा हा मुख्यत्वे दाट अरण्याचा नव्हे, तर माळरानाचा प्राणी आहे. खुरटी झुडपे, पडीत रान, नाल्यांचे काठ, गावोगावच्या ई-क्लास जमिनी ही त्याची वस्तीस्थाने. तो लहान कुटुंब करून राहतो. मादी बहुधा हिवाळ्यात बिळात पिल्ले घालते आणि कळपातील इतर लांडगेही त्यांच्या पोषणास हातभार लावतात. याचे उदाहरण दूर शोधावयास नको. लोणार सरोवरास २०२० साली रामसर यादीत स्थान मिळाले, तेव्हा तेथील सस्तन प्राण्यांत लांडग्याचा विशेष उल्लेख करण्यात आला.

काळवीट, चिंकारा, ससे, उंदीर हे लांडग्याचे नैसर्गिक भक्ष्य. माळ नांगरला गेला, गायरानावर अतिक्रमण झाले, हरणे विरळ झाली, की तो शेळ्यामेंढ्यांकडे वळतो. तेव्हा तो मेंढी नेतो हे जितके खरे, तितकेच त्याचे रान माणसाने नेले हेही खरे. या दोन्ही गोष्टी मुलांसमोर एकत्र मांडाव्यात.

पूर्वेतिहास. ब्रिटिश अमदानीत लांडगा हा उपद्रवी प्राणी ठरवून त्यास मारणाऱ्यास सरकारी बक्षीस मिळत असे. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अभ्यासानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले. आज साऱ्या भारतात प्रौढ लांडगे अदमासे तीन हजार उरले आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत लांडग्याचा समावेश आहे. माणसाच्या जिवास धोका निर्माण झाला असेल, किंवा प्राणी बरा न होण्याइतका जायबंदी वा रोगी असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी आदेशाने त्याची शिकार करता येते.

येथे मुलांकडून एक शंका येण्याचा संभव आहे : "मग रोही व रानडुक्कर यांना मारण्याची परवानगी कशी मिळते?" पिकांची नासाडी करणाऱ्या या दोन प्राण्यांविषयी राज्य शासनाने २०१५ साली परवान्याची रीत ठरवून दिली. ज्या प्राण्याची संख्या टिकून आहे त्यास एक नियम आणि जो विरळ झाला आहे त्यास दुसरा, हे तत्त्व शिक्षकाने सोप्या शब्दांत समजावावे.

परदेशातील वाद. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९२६ च्या सुमारास लांडगे नष्ट करण्यात आले. पुढे १९९५ व १९९६ या दोन वर्षांत कॅनडातून ३१ लांडगे आणून तेथे सोडण्यात आले. त्यांची संख्या वाढली, ते उद्यानाबाहेर पसरले, आणि पशुपालक, शिकारी व वन्यजीवप्रेमी यांच्यात वाद सुरू झाला. आयडाहो व मोंटाना या राज्यांनी शिकारीस मुभा दिली आहे. तेथे वाढलेल्या लांडग्यांपैकी किती मारावेत हा प्रश्न आहे. येथे उरलेले टिकावेत कसे, हा आहे. एका देशाचे उत्तर दुसऱ्यास जसेच्या तसे लागू पडत नाही.

दोन्ही बाजू. मेंढपाळ म्हणतो, "रानाचा जीव वाचवायचा, मग त्याचा भार माझ्या एकट्याच्या शिरावर का?" या प्रश्नात न्याय आहे. कळपातील दोन मेंढ्या जाणे म्हणजे घरातील औषधपाण्याचा किंवा मुलीच्या शाळेचा पैसा जाणे होय. त्या रागातूनच मेलेल्या जनावरात विष घातले जाते, बिळात धूर कोंडला जातो. परंतु विष लांडगा ओळखीत नाही. गावची कुत्री, गिधाडे, घारी याही त्यास बळी पडतात, आणि कायद्याने हा गुन्हा ठरतो. शिवाय मोकाट कुत्रीही कळपावर पडतात व आळ लांडग्यावर येतो. हीच कुत्री लांडग्यांत रोग पसरवितात.

यावर उपाय आहेत. रात्री मेंढ्यांभोवती वाघूर भक्कम लावावी, राखणीस चांगली कुत्री ठेवावीत, पिल्ले उघड्यावर सोडू नयेत. हानी झाल्यास लांडग्याने मारलेल्या जनावराबद्दल शासनाकडून भरपाई मिळते. त्यासाठी मृत जनावर जागचे हलवू नये व दोन दिवसांच्या आत वनरक्षकास कळवून पंचनामा करवून घ्यावा. अनेक मेंढपाळ या कागदपत्रांपाशीच अडतात. गावात अर्ज लिहून देणारा विश्वासाचा माणूस बहुधा शिक्षकच असतो.

दक्षता. लांडगा माणसावर कधीच येत नाही, असे सांगू नये. उत्तर प्रदेशातील बहराइच जिल्ह्यात २०२४ साली लांडग्यांच्या हल्ल्यांत लहान मुले दगावली. अशा घटना विरळ असल्या, तरी मुलांनी बिळाजवळ जाऊ नये व रानात एकटे फिरू नये. कोणताही प्राणी चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवून ताबडतोब दवाखाना गाठावा.

उपक्रम. (१) गावचा नकाशा काढून त्यात माळ, गायरान, पाणवठे व मेंढ्या बसण्याच्या जागा दाखवाव्यात. (२) एखाद्या वृद्ध मेंढपाळास शाळेत सन्मानाने बोलावून त्याचे अनुभव ऐकावेत. (३) वर्गाचे दोन गट करून एकाने मेंढपाळाची व दुसऱ्याने रानाची बाजू मांडावी. नंतर बाजू बदलाव्यात. (४) वरच्या वर्गातील मुलांकडून वनरक्षकास उद्देशून हानीची खबर देणारा अर्ज लिहवून घ्यावा.

शेवटी पुन्हा त्या जुन्या गोष्टीकडे यावे. मुलाने खोटी हाक मारली हा त्याचा दोष खरा. पण शेवटची हाक खरी होती आणि तिला कोणी धावले नाही, म्हणून कळप गेला. मेंढपाळाची खरी हाक वेळेवर ऐकली गेली, तर विषाची पुडी त्याच्या हाती येणार नाही. कळप वाचेल आणि लांडगाही.