मी मागितलेली उलटतपासणी

राज्य बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीने मला निलंबित केल्याच्या आदेशाची नक्कल हातात आली आणि एका ओळीवर नजर थबकली: ‘तक्रारदाराची उलटतपासणी घ्यायची नसल्याचे वकिलांनी सांगितले.’ मी असं कधीच म्हटलं नव्हतं. मी लेखी अर्ज दिला होता. त्यावर अध्यक्ष म्हणाले होते, “मॅडम, हे सेशन कोर्ट नाही. दोघांची शपथपत्रं आली, पुरे झालं.” त्यांनी नाकारलं आणि आदेशात मीच नको म्हटल्याचं लिहून टाकलं. निलंबनापेक्षाही ती ओळ मला जास्त लागली. लिहिणारी माणसं माझ्यासारखाच काळा कोट घालणारी होती. उलटतपासणी म्हणजे काय, हे त्यांना मी सांगायचं?

आरोप होता समोरच्या पक्षाकडून पैसे घेऊन तडजोड घडवल्याचा. पुरावा म्हणून आल्या मोबाइलवरच्या संदेशांच्या झेरॉक्स, त्याही मधले संदेश गाळून. मूळ मोबाइल कुणी पाहिला नाही. तडजोडनाम्यावर पक्षकाराने न्यायाधीशांसमोर सही केली होती. ते रेकॉर्ड मागवा, हा माझा दुसरा अर्ज तर निकालीच काढला नाही.

अपिलात आदेश रद्द झाला. फेरचौकशीत तक्रारदार उलटतपासणीला उभे राहिले, गाळलेले संदेश बाहेर आले आणि तक्रार फेटाळली गेली. मधल्या काळात सोडून गेलेले पक्षकार मात्र परतले नाहीत. त्याची भरपाई कोण करणार?

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी तोंडी काही मागू नये. प्रत्येक मागणी लेखी द्या, आवकचा शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे ठेवा आणि त्याच दिवशी रोजनामा वाचा. नकार नोंदवला नसेल तर तसा अर्ज लगेच करा. अपिलात मला तारलं ते त्या शिक्क्याच्या प्रतीने. माझ्या सचोटीच्या लौकिकाचा तिथे काही उपयोग झाला नाही.

अधिवक्ता अधिनियम, १९६१ चं कलम ४२ पाठ करा. साक्षीदाराला समन्स काढण्याचे, शपथेवर तपासण्याचे, कोर्टाचं रेकॉर्ड मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार समितीला त्यात दिलेले आहेत. ‘आम्हाला अधिकार नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. याच कलमाप्रमाणे एखादा सदस्य गैरहजर असला तरी सुनावणी चालू शकते, पण अंतिम आदेश देताना अध्यक्ष आणि इतर सदस्य सगळेच हजर हवेत. म्हणून प्रत्येक तारखेची हजेरी लिहून ठेवा.

मोबाइलवरचे संदेश पुढे आले, तर मूळ साधन दाखवा किंवा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र आणा, असा आग्रह पहिल्याच उत्तरात धरा. चुकीचा सल्ला आणि अनुचित सल्ला यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली वकील खांडेकर यांच्या शिस्तभंग प्रकरणात स्पष्ट केलं. तो निकाल जोडा. आरोप नेमका काय, हे मुद्दे काढून निश्चित करून घ्या.

राज्य बार कौन्सिलच्या समितीचा आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांत कलम ३७ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील करता येतं. पण नुसत्या अपिलाने निलंबन थांबत नाही. स्थगितीचा अर्ज त्याच दिवशी द्या. स्वतःची बाजू स्वतः मांडू नका, राग आवाजात उतरतो. कागद जपा, घरच्यांना विश्वासात घ्या, धीर सोडू नका. बाररूममधल्या सहानुभूतीवर फार विसंबू नका. माझ्या पाठीवर हात ठेवणाऱ्यांपैकी शपथपत्र द्यायला कुणी आलं नाही.

तक्रारदारांनाही सांगते. वकिलाने खरोखर फसवलं असेल, तर मूळ कागद, पावत्या, बँकेचं खातेपत्रक द्या आणि उलटतपासणीला सामोरे जा. घाईने मिळवलेला आदेश अपिलात पडतो, पुन्हा चौकशी लागते आणि खरा दोषी वकील तेवढा काळ कोट घालून फिरत राहतो. समितीने मला तक्रारदाराची उलटतपासणी घेऊ दिली असती, तर माझ्यावरचा डाग टळला असताच; पण एखाद्या खऱ्या तक्रारदाराचा न्यायही असाच, ती नाकारून, त्याच्या हातून काढून घेतला जातो. समित्यांवर बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.